एका थपडेची केस

समन्स घेऊन येणारा हवालदार दानप्पा आताशा निंगव्वाच्या गिरणीवरच्या माणसांतलाच एक झाला होता. पहिल्यांदा तो आला होता तेव्हा जोंधळ्याच्या बुट्ट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका पांगल्या होत्या आणि निंगव्वाचा अंगठा कागदावर टेकेना. आता तो आला तरी कोणी मान वर करत नसे. कट्ट्यावर बसायचा, टोपीवरचं पीठ झटकायचा आणि म्हणायचा, "अक्का, आलं बघ तुझ्या सासरचं बोलावणं."

"या खेपेला तरी घरात घेणार का, की दारातूनच परत?" गिरणी चालू असायची, त्यामुळे निंगव्वाला ओरडूनच बोलावं लागायचं.

"ते साहेबांना विचार. मी नुसता निरोप्या."

आतल्या खोलीतून तिचा नवरा गुड्डप्पा खोकायचा. आयुष्यभर मिरच्या कुटून त्याची छाती गेली होती, जीभ मात्र शाबूत होती. "जा, जा," तो म्हणायचा, "बायकांना बस फुकट झाल्यापासून हिला कोर्टाची चटकच लागलीय."

चटक कसली! हुलकेरीहून कोटेहाळला जायचं म्हणजे दिवस मोडला. सकाळी गिरणीला कुलूप, दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायचं, आणि संध्याकाळ व्हायला आली की पट्टेवाला पुढची तारीख सांगायचा. कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचं काम बंद, कधी आरोपीच्या वकिलाच्या घरी कोणी वारलेलं. एकदा तर ती पिंजऱ्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, तेवढ्यात वीज गेली, टाईप करायचं यंत्र बंद पडलं आणि तिला तो पाय परत खाली घ्यावा लागला. ही केस सुरू झाल्यापासून एक न्यायाधीश बदलून गेले होते, दुसरे आले होते. व्हरांड्यासमोरच्या चिंचेखाली चहाचा गाडा होता, त्याच्या मालकानं मुलीचं लग्न केलं होतं, आणि ती नातवाला घेऊन माहेरी येऊनही गेली होती.

आणि झालं होतं काय, तर एक थप्पड.

कारहुणवीच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. गावात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं आणि गिरणीपुढच्या कट्ट्यावर पाचसहा गडी टेकले होते. रुद्रगौडाही होता. हुलकेरीच्या सोसायटीचा चेअरमन, वरच्या मळ्याचा मालक, अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून भरलेला. तिकडून तिप्पण्णा आला. तिप्पण्णा गवंडी, तिशीचा गडी. त्याची आई पारव्वा नात्यानं रुद्रगौडाची लांबची बहीण लागायची, म्हणून तो गौडाला मामा म्हणायचा. गौडानं वरच्या मळ्याला बांध घालून गाडीवाट बंद केली होती आणि तिप्पण्णाच्या शेतात खताची गाडी जाईना, यावरून आठवडाभर कुरबुर चालू होती. त्या दिवशी कुरबुरीचं भांडण झालं.

निंगव्वानं तेव्हाच दळण संपवून गिरणी थांबवली होती. थांबवली नसती तर तिला काही ऐकूच गेलं नसतं. पुढच्या सगळ्या वर्षांत तिला कितीदा तरी वाटलं, आणखी एक पायली दळण असतं तर.

"वाट बंद करता मामा?" तिप्पण्णा ओरडला. "आधी घरातली वाट बंद करा की! तुमची शिवगंगा वैरणीच्या नावानं रोज कुणाच्या मळ्यात जाते, ते विचारा जरा तिला!" आणि मग त्यानं त्या पोरीला लावून एक शब्द वापरला. तो शब्द निंगव्वानं पुन्हा कधी तोंडातून काढला नाही, नवऱ्यापुढेसुद्धा नाही.

रुद्रगौडा उठला आणि त्यानं उजव्या हाताची थप्पड अशी मारली की तिप्पण्णा कट्ट्यावरून खाली गेला. तो उठला, दोन पावलं चालला, आणि दारू प्यायल्यासारखा एका अंगावर कलंडला. डाव्या कानातून रक्त आलं. गौडानं वर एक लाथ घातली. कट्ट्यावरचे गडी दुसऱ्या दिवशी पोलिसांना म्हणाले, आमची पाठ तिकडे होती. पाचसहा माणसांच्या पाठी एकाच वेळी एकाच बाजूला कशा झाल्या, हे त्यांना कोणी विचारलं नाही. निंगव्वा मात्र दारात उभी होती, आणि तिचं तोंड होतं कट्ट्याकडे.

"कोणी मारलं?" पोलिसांनी विचारलं.

"गौडानं."

"हातानं की काठीनं?"

"हातानं. मग लाथ."

तेवढंच लिहून घेतलं. आधी कोण काय बोललं हे कोणी विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं, कोर्टात विचारतील.

"घटकाभर आंधळी झाली असतीस तर काय बिघडलं असतं?" गुड्डप्पा त्या दिवशी म्हणाला होता.

"विचारलं, मी सांगितलं."

"गावाला दोन डोळे आहेत, अन् दोन्ही तुझ्याच कपाळाला चिकटलेत का?"

त्याचं बोलणं पुढं खरं ठरलं. गौडाच्या आळीतलं दळण बंद झालं. एक दिवस बंद झालं, तेव्हा तिला वाटलं सण असेल. मग गौडाच्या मेहुण्यानं बसस्टँडजवळ नवी गिरणी टाकली आणि अर्धं गाव तिकडे वळलं. उन्हाळ्यात मिरची कांडपाला तिच्या दारात पहाटेपासून रांग असायची. त्या रांगेच्या जागी कुत्री झोपू लागली. तिनं तक्रार केली नाही. कुणापाशी करणार? उरलेल्या अर्ध्या गावाचं पीठ दळायचं, आणि तारीख आली की कुलूप लावायचं.

तिप्पण्णाचा डावा कान गेला तो गेलाच. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, म्हणून केस मोठी झाली, नाहीतर एका थपडेला कोण विचारतं? कानाबरोबर त्याचा तोलही गेला. परांचीवर चढला की डोळ्यांपुढं जमीन फिरायची. वरच्या मजल्याची कामं सुटली. आता तो खाली बसून फरशा बसवायचा. डाव्या बाजूनं हाक मारली की बघायचा नाही, म्हणून लोकांना आधी वाटायचं माजला, मग कळलं, मग सवय झाली.

या खेपेचं समन्स येऊन गेलं आणि तारखेच्या आदल्या दुपारी पारव्वा गिरणीवर आली. हातात पितळी ताट, ताटावर झाकलेलं फडकं.

"निंगक्का, तोंड गोड कर," तिनं फडकं काढलं. साखर होती, विड्याची पानं होती. "आमच्या संगमेशचं ठरलं."

संगमेश म्हणजे तिप्पण्णाचा धाकटा भाऊ. निंगव्वानं पिठाचे हात लुगड्याला पुसले. "बरं झालं बाई. कुठली मुलगी?"

पारव्वानं साखरेच्या ताटावर बसलेली माशी हाकलली. नसलेली दुसरीही हाकलली. "गावातलीच. रुद्रण्णाची शिवगंगा."

आतून गुड्डप्पाचा खोकला थांबला.

"असं," निंगव्वा म्हणाली.

"पोरगा ऐकेना, पोरगी जेवेना. रुद्रण्णा स्वतः दारात आला गं. उंबऱ्यावर बसला. म्हणाला, बहिणीच्या घरी पोरगी द्यायची, यात मला काय कमीपणा? आता तूच सांग, नाही कसं म्हणायचं?"

"मी कशाला सांगू? चांगलंच झालं."

"हो ना? चांगलंच की." पारव्वानं ताट खाली ठेवलं आणि आवाजही. "तर उद्या ते कोर्टाचं... वकील सांगतात, तडजोडीचा अर्ज देऊ, साहेब परवानगी देतात. पण तुला आधी उभी केली तर..."

"तर काय?"

"तू काही बघितलं नाही असं..."

निंगव्वानं तिच्याकडे बघितलं. हीच पारव्वा त्या वर्षी नारळ घेऊन आली होती. तिच्या पायाशी बसून म्हणाली होती, निंगक्का, गावात तू एकटी माणूस, माझ्या पोराला न्याय दे.

"पारव्वा, अगं, तुझ्या पोराच्या कानातलं रक्त मी या हातांनी पुसलं."

"मला का ठाऊक नाही? म्हणून तर तुला सांगायला आले, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का?" पारव्वाचे डोळे भरले. "मी दमले गं. तुझ्यासारखी मीपण तिथं भिंतीला पाठ लावून बसलेय. त्याचा कान काही परत येत नाही. एका पोराचं गेलं ते गेलं, दुसऱ्याचं तरी होऊ दे."

निंगव्वानं साखरेची चिमूट तोंडात टाकली. "तिप्पण्णा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? मोठा आहे, समजूतदार आहे," पारव्वा म्हणाली आणि उठली.

तिन्हीसांजेच्या आधी आणखी एक माणूस आलं. डोक्यावर जोंधळ्याची बुट्टी, पदर दोन्ही खांद्यांवरून. शिवगंगा. त्या घरचं दळण कितीतरी वर्षांनी या दारात येत होतं. बुट्टी उतरवताना पोरीनं दोनदा मागं वळून रस्त्याकडे बघितलं.

"बारीक दळू की रवाळ?"

"बारीक." मग गिरणी सुरू व्हायच्या आत ती घाईनं म्हणाली, "अत्ती, त्या दिवशी तिप्पण्णा भावजी जे बोलले, ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"तेपण सांगणार कोर्टात?"

"खरं सांगायची शपथ घ्यायला लावतात. अर्धंच सांगायची घेत नाहीत."

पोरीनं मान खाली घातली. "ते खोटं नव्हतं. मी जात होते मळ्यात, ह्यांनाच भेटायला. तो शब्द तेवढा वाईट होता. अप्पांनी मला त्या दिवसापासून आजवर एका शब्दानं विचारलं नाही, पण माझ्याकडे बघतही नाहीत. कोर्टात तो शब्द सगळ्यांसमोर आला, कागदावर आला, तर अप्पा लग्न मोडतील. त्यांना मी ओळखते."

निंगव्वानं बुट्टी गिरणीपाशी ओढली. इतकी वर्षं तिनं ती साक्ष आपल्यापाशी जपली होती, जशीच्या तशी, कुठे काही गळू न देता. गौडानं दळण तोडलं, तरी त्या शब्दासकट सांगायचं तिनं ठरवलं होतं, कारण तो तिप्पण्णाच्या विरुद्ध जाणारा होता, आणि म्हणूनच सांगायला हवा होता. थप्पड सांगायची आणि शब्द गिळायचा, हे तिला चोरीसारखं वाटायचं. त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला एक पोर उभी आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बस तिकडे, पिठाची धूळ उडेल," एवढंच ती म्हणाली, आणि गिरणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी कोटेहाळच्या कोर्टात मारामाऱ्यांचाच बाजार होता. नवे साहेब अशा केसी एकाच दिवशी लावायचे. ते म्हैसूरकडचे, तरुण, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. इकडच्या बायकांना ते अव्वा न म्हणता अम्मा म्हणायचे, आणि बायका मागे वळून बघायच्या, साहेब कुणाशी बोलतात म्हणून. आधी दोन जावा आल्या. एकीनं दुसरीच्या दंडाला चावा घेतला होता. दोघी एकाच छत्रीतून आल्या होत्या आणि साहेबांनी विचारलं तेव्हा दोघी एकदमच म्हणाल्या, आम्ही एक झालो. मग एक म्हातारा आला. शेजाऱ्याला फावड्याच्या दांड्यानं मारल्याचं त्यानं सरळ कबूल केलं. दंड भरायला तयार झाला आणि विचारू लागला, "एवढं आधीच झालं असतं की हो, मला इतके हेलपाटे का घालायला लावलेत?" साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुढचा कागद उचलला. नंतरच्या केसमध्ये फिर्यादीच आला नव्हता.

व्हरांड्यात सरकारी वकील नदाफ मॅडम घाईघाईनं फाईल चाळत आल्या. "निंगव्वा ना? आज तुम्हाला पहिलं घेते. घाबरायचं नाही. जे बघितलं ते सांगायचं."

"जे ऐकलं तेपण?"

"काय ऐकलं?" मॅडमनी विचारलं, पण तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि त्या उत्तर न ऐकताच गेल्या.

पुकारा झाला. निंगव्वा पिंजऱ्यात चढली. यावेळी वीज होती. तिनं शपथ घेतली, नाव सांगितलं, गाव सांगितलं, धंदा सांगितला. समोर एका बाजूला रुद्रगौडा उभा होता, पांढऱ्या धुवट कपड्यांत. केस पांढरे झाले होते त्याचे, तिच्या आज लक्षात आलं. मागच्या बाकावर पारव्वा, तिच्याशेजारी तिप्पण्णा.

नदाफ मॅडमनी तोंड उघडलं आणि गौडाचे वकील मठद उठले. "साहेब, व्यत्यय आणतो, माफी असावी. दोन्ही पक्षांत समेट झाला आहे. अर्ज तयार आहे. दोन्ही घरांत सोयरीक होतेय, साहेब, पुढच्या महिन्यात लग्न."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "साक्षीदाराला पिंजऱ्यात चढवल्यावर आठवलं?"

"मुहूर्त कालच निघाला, साहेब."

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी अर्ज वाचला, मग डॉक्टरांचा दाखला काढून तोही वाचला. "एका कानाचं ऐकणं कायमचं गेलेलं आहे. अशा केसमध्ये तडजोडीला माझी परवानगी लागते, आणि मी जखमीला विचारल्याशिवाय देत नाही. कुठे आहे तो?"

तिप्पण्णा पुढं आला. शिरस्तेदार त्याच्या डाव्या बाजूला उभे होते. "ही तडजोड तू स्वखुशीनं करतोयस का?" त्यांनी विचारलं. तिप्पण्णा समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. त्यांनी आवाज चढवून परत विचारलं. तो हलला नाही. मठद वकील घाईनं मान हलवून त्याला खुणा करू लागले.

"थांबा," साहेब म्हणाले. "दुसऱ्या बाजूनं जाऊन विचारा."

शिरस्तेदार टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला गेले. "स्वखुशीनं करतोयस का?"

"खुशी भावाची आहे, साहेब," तिप्पण्णा म्हणाला. "माझी ना नाही."

"कोणी दम दिला? काही कबूल केलंय तुला?"

"नाही."

"तुला काही म्हणायचंय?"

तिप्पण्णानं विचार केला. "मामा त्या दिवशी चिडले होते. मीपण वाईट बोललो होतो."

"काय बोललास?"

रुद्रगौडाची मान ताठ झाली. पारव्वानं पदर तोंडाशी धरला. तिप्पण्णानं मान हलवली. "आता आठवत नाही."

साहेबांनी काही लिहिलं. मग त्यांचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं, जिथं निंगव्वा मघापासून कठडा धरून उभी होती, विसरलेल्या सामानासारखी.

"अम्मा, तुम्ही किती वेळा आलात या केससाठी?"

"मोजलं नाही, साहेब. गिरणी बंद ठेवून येते."

"आज तुमची साक्ष घ्यायची गरज उरली नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. ते बोलताना खरोखरच दमलेले वाटले. "पण तुम्ही शपथ घेतलीय. मी अजून सही केलेली नाही. ही तडजोड होऊ नये असं काही तुम्हाला ठाऊक असेल, तर सांगा."

असं कोणी विचारेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळं तिच्या जिभेवर तयार होतं: कट्टा, बांधाचं भांडण, तो शब्द, थप्पड, कलंडलेला तिप्पण्णा, लाथ, पाठ फिरवून बसलेले गडी. इतक्या वेळा मनात म्हटलेलं, की दळण घातल्यासारखं आपोआप बाहेर पडलं असतं. तिनं गौडाकडे बघितलं. तिप्पण्णाकडे बघितलं. तो चांगला कान तिच्याकडे करून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ना आशा होती ना भीती, नुसती वाट बघणं होतं, बसची बघतात तशी.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "काही नाही."

"उतरा मग."

साहेबांनी सही केली. रुद्रगौडा सुटला. पुढच्या केसचा पुकाराही झाला. पिंजऱ्याच्या पायऱ्या ती कठडा धरून उतरत होती, आणि पट्टेवाला म्हणाला, "लवकर, लवकर."

व्हरांड्यात नदाफ मॅडम भेटल्या. "सुटलात अक्का. मीपण सुटले. अजून आठ आहेत आत." आणि काळा डगला सावरत पुन्हा आत गेल्या.

आवारात गौडाची माणसं आणि पारव्वाची माणसं एकत्र उभी होती. मठद वकील सगळ्यांशी हात मिळवत होते. जेवायला खानावळीत जायचं ठरत होतं. गौडानं तिला बघितलं आणि स्वतः चालत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चल निंगव्वा, चार घास खा आमच्याबरोबर. झालं गेलं. उद्यापासून आमच्या आळीचं दळण तुझ्याकडेच येईल, मी सांगतो सगळ्यांना."

तिला बरं वाटलं. खरंच वाटलं. उन्हाळा लागला होता, मिरचीचे दिवस होते. आणि आपल्याला बरं वाटलं याची तिला तिथल्या तिथे शिसारी आली.

"गौडा, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"त्याला कधी म्हणालात का, चुकलं म्हणून?"

गौडाचा चेहरा जरा उतरला. तो चिडला नाही, उलट गोंधळल्यासारखा दिसला. "पोटची पोर देतोय त्याच्या घरात," तो म्हणाला. "याहून मोठं काय म्हणायचं असतं माणसानं?"

"भाकरी आणलीय मी," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं."

चिंचेखाली बसून तिनं फडकं सोडलं. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. तिप्पण्णा खानावळीकडे चाललेल्या घोळक्यातून मागं राहिला होता. तो आला आणि तिच्या डाव्या हाताला बसला, म्हणजे त्याचा उजवा कान तिच्याकडे राहील असा. तिनं न विचारता अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

"तो शब्द सांगितला असतात का, अत्ती?"

"सांगितला असता. आधी तो, मग थप्पड. जसं झालं तसं."

"मग बरं झालं."

"बरं झालं," निंगव्वा म्हणाली. चटणी त्याच्याकडे सरकवत तिनं विचारलं, "तुला आठवतो तो?"

"रोज," तो म्हणाला. "पडल्यावर काय झालं ते आठवत नाही. लाथ मारली म्हणतात. खरंच मारली?"

"मारली."

तिप्पण्णानं मान हलवली, जणू एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल ऐकलं. "आई म्हणते, नाही मारली. आता सगळेच म्हणतात, नाही मारली. मला वाटलं, मीच मनानं घातली असेल."

"मी बघितली. दारात उभी होते."

"बस्स, तेवढंच विचारायचं होतं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला. चटणी तिखट होती, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चटणीनंच आलं असं दोघांनी धरलं. "वर परांचीवर जायला मिळालं असतं तर बाकीचं मी कधीच सोडून दिलं असतं, अत्ती. वरून गाव बरं दिसायचं."

बस आली तेव्हा ते वेगवेगळ्या जागी बसले, कारण गर्दी होती. निंगव्वाला खिडकी मिळाली आणि तिला झोप लागली. हुलकेरीच्या फाट्यावर कंडक्टरनं तिला हलवून उठवलं.

घरी गुड्डप्पा खाटेवर बसून वाट बघत होता. "दिलीस साक्ष?"

"नाही. मिटलं."

"मिटलं?" तो हसायला लागला आणि हसता हसता खोकायला लागला. "मग एवढी वर्षं कशासाठी गं गावाचं वैर घेतलंस?"

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांनी दिलं होतं. आता परत नेलं."

लग्न वैशाखात झालं. दोन्ही घरच्या मिरच्या तिच्याच गिरणीत कांडल्या. एका दिवशी पारव्वाकडची माणसं पोती घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी गौडाकडची, आणि गुड्डप्पा आतल्या खोलीत दार लावून शिंकत बसला. निंगव्वा लग्नाला गेली. शिवगंगानं वाकून नमस्कार केला तेव्हा तिनं त्या पोरीचं तोंड कुरवाळलं आणि मनापासून आशीर्वाद दिला. पोर सुखात होती, यात खोटं काही नव्हतं.

पंक्तीला जागा कमी पडत होती. वाजंत्रीवाल्यांच्या अगदी शेजारची एक जागा रिकामी होती, तिथं कुणी बसेना, ढोल कानाशीच बडवत होते. तेव्हा रुद्रगौडाच्या मेहुण्यानं मोठ्यानं हाक मारली, "अरे, तिप्पण्णाला बोलवा की! वाजंत्रीशेजारी बसायला सगळ्या मांडवात तोच एक माणूस लायक!"

मांडव हसला. संगमेशही हसला, मग गप्प झाला. तिप्पण्णा स्वतःही हसला, उठून आला आणि ढोलाकडे डावा कान करून पत्रावळीपुढं बसला. पारव्वानं त्याच्या पानात पुरणाची होळगी वाढली, वर तूप जरा जास्तच सोडलं.

समोरच्या पंक्तीत बसलेल्या निंगव्वानं हातातला घास पानात परत ठेवला. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं गं, जेव की."

"जेवते," निंगव्वा म्हणाली, आणि तिनं घास उचलला.